चौदा हजारांचा बूट : घ्यावा की न घ्यावा?

“बाबा, मला धावायचे बूट घ्यायचे आहेत. चौदा हजार रुपये लागतील.”

मुलीने असे म्हटले तेव्हा आम्ही सर्व जेवायला बसलो होतो. कोणीच काही बोलले नाही. चौदा हजार! आमच्या घरातील चौघांच्या सर्व चपला-बुटांची किंमत एकत्र केली तरी एवढी होणार नाही. त्यातच मुलाच्या डिप्लोमाच्या फीचा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा होता. मुलगी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. पैसे तिच्या स्वतःच्या कमाईचे होते, ही गोष्ट खरी. परंतु आपल्यासारख्या घरात कमावत्या माणसाचा पैसा हा घराचाही पैसा असतो. हे तिलाही ठाऊक होते, म्हणूनच तिने विचारले होते.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी ती धावू लागली. भरती थोडक्यात हुकली, पण धावणे काही सुटले नाही. रोज पहाटे साडेचारला उठून ती बाहेर पडते. आता डिसेंबरात डोंगरवाटांनी ५० किलोमीटर धावायचे, असे तिने मनाशी ठरविले होते. आणि त्यासाठी जाड गादीचे, लांब पल्ल्याचे खास बूट हवेत, असे सोबतच्या मुलींनी तिला सांगितले होते.

मी स्वतः तीस वर्षे कारखान्यात उभ्याने काम केले. बूट घेताना नेहमी स्वस्तातला घेतला, आणि तोही एक नंबर मोठा. लहानपणी माझे वडील आम्हा भावंडांना असाच मोठा बूट घेत. पुढे कापडाचा बोळा कोंबायचा म्हणजे दोन वर्षे निभावत असे. तीच सवय मला लागली. आज माझी टाच सकाळी उठल्याबरोबर जमिनीला लावता येत नाही. त्यामुळे ‘बुटात काय असते?’ असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. परंतु चौदा हजारांना ‘हो’ म्हणण्याइतका मी खुळाही नव्हतो.

तेव्हा तिची आई म्हणाली, “अहो, नाही म्हणायच्या आधी आणि हो म्हणायच्या आधी, ते बूट आहेत तरी कसे ते बघा की.”

हे म्हणणे मला पटले. पुढचे दोन महिने आम्ही बाप-लेकीने जी माहिती मिळविली आणि जी तपासणी केली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे. आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले-मुली धावतात. कोणी भरतीसाठी, कोणी शर्यतीसाठी. आज ना उद्या त्यांच्याही घरी हा प्रश्न निघणारच आहे.

अनवाणी धावणारे विजेते

बुटाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, “अहो, तो आफ्रिकेतला माणूस अनवाणी धावून ऑलिंपिक जिंकला!” हे खरे आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावला. ४२ किलोमीटर १९५ मीटरचे अंतर त्याने २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत तोडले आणि जगातील सर्वोत्तम वेळ नोंदविली. शर्यतीआधी त्याला जे बूट मिळाले ते त्याच्या पायाला नीट बसत नव्हते, असे सांगितले जाते. अनवाणी सराव होताच. म्हणून त्याने चावणारा बूट घालण्यापेक्षा बिनबुटाचे धावणे पसंत केले.

परंतु ही गोष्ट सांगणारे पुढची गोष्ट सांगत नाहीत. हाच बिकिला १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये पुन्हा जिंकला. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्या वेळी त्याच्या पायांत बूट होते, आणि वेळ होती २ तास १२ मिनिटे ११ सेकंद. म्हणजे रोमपेक्षा तीन मिनिटांनी कमी!

दुसरे उदाहरण मेक्सिकोतील रारामुरी या आदिवासी लोकांचे. चिवावा राज्यातील खोल दऱ्यांत राहणारे हे लोक जुन्या टायरचा तळ आणि चामड्याच्या वाद्या असलेल्या वहाणा घालून दिवसदिवस धावतात. १९९३ साली अमेरिकेतील लेडव्हिल येथे १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची शर्यत व्हिक्टोरियानो चुरो या ५५ वर्षांच्या रारामुरी माणसाने जिंकली. २०१७ साली लोरेना रामिरेझ ही त्याच समाजातील तरुणी घागरा आणि वहाणा घालून ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत स्त्रियांत पहिली आली.

यावरून काय समजायचे? काही जण म्हणतील, बघा, बुटाची गरजच नाही. मला तसे वाटत नाही. त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटांवर घडलेले आहेत. आपली मुले डांबरी रस्त्यावर आणि सिमेंटच्या जिन्यांवर वाढली आहेत. शिवाय अनवाणी चालण्याचे कौतुक ज्यांना हौसेने बूट काढता येतात त्यांनी करावे. आपले आजे-पणजे अनवाणी चालले ते हौसेने नव्हे. त्यांच्या टाचांच्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना पायातील बुटाची किंमत कोणी सांगायला नको.

तेव्हा बूट हवाच. प्रश्न एवढाच की कोणता, आणि कितीचा?

डोंगराचा बूट कसा घडला?

डोंगरावर चालणाऱ्या बुटाच्या रबरी तळाचा इतिहास एका अपघातापासून सुरू होतो. १९३५ साली इटलीतील गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी यांच्या सहा सोबत्यांचा आल्प्स पर्वतात मृत्यू झाला. वादळ आणि बर्फ यांनी त्यांना गाठले होते, आणि त्यांच्या पायांत त्या काळचे हलके बूट होते. ते बर्फावर निभावणारे नव्हते. ब्रामानी यांनी हा विषय मनाला लावून घेतला. पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने त्यांनी खोल दात्यांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून ‘व्हिब्रम’ हे नाव पडले. १९५४ साली के-टू या जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर प्रथम पोहोचलेल्या इटालियन तुकडीच्या बुटांना हाच तळ होता. आजही अनेक महागड्या बुटांच्या तळाला लहानशी पिवळी आठकोनी खूण दिसते, ती याच कंपनीची.

जाड गादीचा बूट त्या मानाने कालपरवाचा. डोंगरात लांब धावण्याच्या शर्यती वाढल्या तशी त्याची गरज निर्माण झाली. फ्रान्समधील शामोनी गावातून निघून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची शर्यत २००३ साली सुरू झाली. तीन देशांतून जाणारी ही वाट एकूण दहा हजार मीटर चढते आणि तितकीच उतरते. चढताना दम लागतो. पण खरे पाय मोडतात ते उतरताना. २००९ साली फ्रान्समधील दोघा जाणकारांनी, निकोला मेर्मू आणि झाँ-ल्यूक दियार यांनी, उतारावर वेगाने धावता यावे म्हणून भल्यामोठ्या गादीचा बूट काढला. तीच होका कंपनी. सुरुवातीला लोक त्या बुटाला हसले. कारण त्याच सुमारास अनवाणी धावण्याची आणि पातळ तळाच्या बुटांची मोठी लाट आली होती. नंतर मात्र बहुतेक सर्व कंपन्यांनी जाड गादीचे बूट काढले.

गादी करते काय?

पन्नास किलोमीटर म्हणजे साधारणपणे पन्नास हजार पावले. प्रत्येक पायाला पंचवीस हजार. धावताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्याच्यावर येतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. म्हणून गड चढून आल्यापेक्षा उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या जास्त धरतात.

बुटाच्या तळात तीन थर असतात. वर पायाला लागतो तो सुखतळा, म्हणजे इनसोल. खाली जमिनीला लागतो तो रबराचा तळ. आणि या दोहोंच्या मध्ये असते ती गादी. ही गादी बहुधा ईव्हीए नावाच्या फोमची असते. त्यात हवेचे लाखो बारीक बुडबुडे असतात. पाय पडला की ते दबतात, उचलला की फुगतात. काही शे किलोमीटरनंतर बुडबुड्यांच्या भिंती कायमच्या चेपतात आणि गादी मरते. वरून बूट नवा दिसतो, पण आतून तो संपलेला असतो. बहुतेक बुटांचे आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर सांगितले जाते, ते या कारणाने. अलीकडे पेबा नावाचा आणखी हलका आणि उसळता फोम आला आहे. किंमत वाढण्याचे एक कारण तेही आहे.

जास्त गादी म्हणजे कमी इजा, असे मात्र सरळ गणित नाही. लक्झेंबर्गमध्ये ८४८ धावपटूंना सारखेच दिसणारे बूट देऊन एक मोठी चाचणी झाली. फरक फक्त गादीच्या मऊपणाचा होता. २०२० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडक गादीच्या गटात इजा जास्त झाल्या. विशेष म्हणजे मऊ गादीचा फायदा वजनदार माणसांपेक्षा हलक्या माणसांना अधिक झाला. आपण उलटेच समजत होतो! याउलट २०१८ साली फिनलंडमधील संशोधकांनी दाखविले की, फार जाड गादीचा बूट घालून वेगाने धावताना पाय अधिक ताठ होतो आणि सुरुवातीचा आदळ कमी न होता वाढतो. ती चाचणी फक्त बारा धावपटूंची होती. तरी त्यातून एक गोष्ट कळते. शरीर हे काही पोते नव्हे. खाली मऊ आहे असे कळले की ते आपली चाल बदलते.

म्हणून दुसऱ्याच्या पायाचा निकाल आपल्या पायाला लागू होईलच, असे नाही. तपासणी आपल्याच पायाने करावी लागते.

आमची तपासणी

मुलीची एक मैत्रीण तिच्याच मापाचे चौदा हजारांचे बूट वापरत होती. तिने ते चार रविवार वापरायला दिले. त्यांच्या जोडीला मुलीचे स्वतःचे ३,२०० रुपयांचे साधे धावण्याचे बूट होते. एका वहीत दोन रकाने आखले. प्रत्येक तासाला कुठे दुखते, कुठे घासते, कुठे घसरते, ते लिहायचे ठरले. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही. कारण त्याच कंपनीचा दुसरा बूट वेगळा निघू शकतो, आणि तोच बूट दुसऱ्या पायाला वेगळा बसू शकतो.

हाताने : कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर बूट ठेवले. दुकानदार हसला. पण महागडा बूट एवढा जाड असून २५० ग्रॅम भरला, आणि साधा २८५ ग्रॅम. जाड म्हणजे जड, हा माझा समज तिथेच गेला. नंतर बूट हातात धरून पिळून पाहिला. साधा बूट फडक्यासारखा पिळला गेला. महागड्याचा मधला भाग पक्का होता, आणि वाकला तो बोटांच्या सांध्यापाशीच. पायही तिथेच वाकतो. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबला. महागड्याची टाच घट्ट राहिली, साध्याची दबली. तळाचे दाते मोजपट्टीने मोजले. महागड्याचे पाच मिलिमीटर भरले. साध्याला दाते नव्हतेच, नुसती नक्षी होती.

चढ-उतारावर : पहिल्या रविवारी पहाटेच्या बसने सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीला गेलो. वर जायला सुमारे सहाशे मीटरची चढण आहे. मी पायथ्याशी चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. मुलगी एकदा साधे बूट घालून चढली-उतरली, आणि पुढच्या रविवारी महागडे घालून. चढताना दोन्हींत फारसा फरक नाही, असे तिने सांगितले. उतारावर मात्र फरक पडला. साध्या बुटात प्रत्येक दगड तळव्याला कळत होता, म्हणून ती जपून, ब्रेक लावीत उतरली. महागड्यात मोकळी उतरली. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरल्या नाहीत.

तिरप्या वाटेवर : इथे गादीवाल्या बुटाचा दोष दिसला. वाट जिथे एका बाजूला कललेली होती तिथे जाड, मऊ तळावरून पाय डुगडुगू लागला. एकदा घोटा मुरगळता मुरगळता वाचला. पाय जमिनीपासून जेवढा उंच, तेवढा तो कलंडण्याचा धोका जास्त. पाटावर उभे राहणे वेगळे आणि उशीवर उभे राहणे वेगळे, हे घरच्या बायकांनाही सांगावे लागणार नाही.

ओल्या दगडावर : सप्टेंबरचा पाऊस चालू होता. पायथ्याजवळच्या ओढ्यात, जिथे पडले तरी लागणार नाही अशा सपाट कातळावर ही चाचणी घेतली. ओल्या कातळावर महागड्या बुटाचे रबर चांगले धरत होते. साधा बूट सरकत होता. परंतु शेवाळ होते तिथे दोन्ही बूट सारखेच घसरले. शेवाळावर कुठलीच कंपनी उपयोगी पडत नाही. तिथे डोळे आणि सावधपणा हेच बूट. आणखी एक गोष्ट इथे समजली. दाते चिखलासाठी असतात, ओल्या दगडासाठी रबराचा प्रकार महत्त्वाचा असतो. नुसते मोठे दाते पाहून भुलू नये.

पाच तासांची चाचणी : ही सर्वांत महत्त्वाची. दुकानात पाच मिनिटे घातलेला कोणताही मऊ बूट बराच वाटतो. पण धावताना पाय फुगतात. तीन तासांनंतर तो पाय सकाळचा पाय राहत नाही. शेवटच्या दोन रविवारी तिने एकेक जोड घालून गड दोनदा चढून-उतरून आणि मग पायथ्याच्या रस्त्याने धावून पाच तास भरले. साध्या बुटाच्या रकान्यात लिहिले : ‘तिसऱ्या तासापासून तळवे भाजल्यासारखे. अंगठ्याचे नख काळे.’ महागड्या बुटाच्या रकान्यात : ‘मांड्या ताज्या. तळवे ठीक. करंगळीला फोड. चौथ्या तासापासून लंगडत.’

बूट पुढून अरुंद होता. मैत्रिणीचा पाय निमुळता, म्हणून तिला तो चालतो. आमच्या मुलीचा पंजा रुंद आहे, माझ्यासारखाच. चौदा हजार रुपये मोजून आम्ही तोच बूट आणला असता तर करंगळीची लंगड विकत आणली असती!

निकाल आणि हिशेब

वही समोर ठेवून आम्ही चौघे बसलो. गादी हवी, पण अतिजाड नको. पुढून रुंद हवा. तळाला दाते आणि धरणारे रबर हवे. एवढे ठरल्यावर किंमत आपोआप मागे पडली. आता ‘महागडा बूट’ न शोधता ‘हा बूट’ शोधायचा होता.

दुकानात एक युक्ती कळली, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. कंपन्या दर एक-दोन वर्षांनी त्याच बुटाची नवी आवृत्ती काढतात. नवी आली की जुनीची किंमत बरीच उतरते. बूट तोच, नवा, पेटीतला. आम्हाला असाच मध्यम गादीचा, रुंद पंजाचा, आधीच्या आवृत्तीचा बूट ७,८०० रुपयांना मिळाला. छापील किंमत तेरा हजारांच्या घरात होती.

हिशेब असाही करून पाहावा. चौदा हजारांचा बूट ७०० किलोमीटर टिकला तर किलोमीटरला २० रुपये पडतात. ७,८०० चा ६५० किलोमीटर टिकला तर १२ रुपये. आणि ३,२०० चा ४०० किलोमीटर टिकला तर ८ रुपये. म्हणजे स्वस्त बूट दिसतो तेवढा स्वस्त नसतो, आणि सर्वांत महाग बूट आपल्या कामाचा असेलच असे नसते. वर डॉक्टरचा खर्च आला तर सर्वच हिशेब चुकतो.

मुलाच्या फीचा हप्ता वेळेवर भरला. बुटाचे पैसे मुलीने दोन पगारांतून दिले.

दुकानात जाताना

बूट घेणाऱ्या मुला-मुलींसाठी आमच्या वहीतील काही नोंदी देतो.

१. बूट संध्याकाळी घ्यायला जावे. दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. धावताना जे मोजे घालणार तेच घालून जावे. लांब धावण्याला सुती मोजे चांगले नाहीत. ते घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात.

२. दोन्ही पाय उभ्याने मोजून घ्यावेत. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्याहून मोठा असतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यावा.

३. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. कमी असेल तर उतारावर नखे काळी होतात. जास्त असेल तर पाय आत पुढे-मागे सरकतो. टाच मात्र हलता कामा नये.

४. सुखतळा बाहेर काढून त्यावर पाय ठेवून पाहावे. पंजा त्याच्या कडेबाहेर जात असेल तर तो बूट अरुंद आहे.

५. टाच आणि पंजा यांच्या उंचीतला फरक विचारावा. त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. हा १० मिलिमीटरवरून एकदम शून्यावर आणू नये. पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो. बदल हळूहळू करावा.

६. परत घेण्याचा नियम आधी विचारून घ्यावा. मग घरातल्या फरशीवर तीन-चार संध्याकाळी घालून वावरावे. चावणारा बूट ‘पुढे सैल होईल’ असे कोणी म्हणाले तरी घेऊ नये.

७. रस्त्यावर अगदी कमी किमतीत मिळणारे मोठ्या नावाचे बूट बहुधा नकली असतात. त्यांत नाव असते, गादी नसते.

८. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट कधीही घालू नये. आधी निदान ५० किलोमीटर त्यात झालेले असावेत.

९. भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये. सुखतळा काढावा, आत रद्दी कागद भरावा आणि सावलीत ठेवावा. जोडणीचा डिंक आणि फोम दोन्ही टिकतात.

१०. पोलीस भरतीच्या १६०० मीटर किंवा ८०० मीटर धावेसाठी हे जाड गादीचे बूट लागत नाहीत. तिथे हलका, घट्ट बसणारा साधा बूट पुरतो. त्यासाठी कोणी घरच्यांना कर्जात घालू नये. ते पैसे दूध, अंडी आणि कडधान्य यांवर खर्च करावेत.

डिसेंबरची ती संध्याकाळ

सह्याद्रीत आता सिंहगड, राजगड, तोरणा या गडांच्या वाटांवर लांब पल्ल्याच्या शर्यती होतात. थंडीच्या दिवसांत देशभरातून लोक येतात. आमच्या मुलीची शर्यत अंधारातच सुरू झाली. आम्ही तिघे शेवटच्या रेषेपाशी दुपारपासून बसून होतो. एकेक जण येत होता. कोणी हसत, कोणी काठी टेकत. बारा तास व्हायला थोडा वेळ असताना ती दिसली. शेवटच्या उतारावरून ती धावत येत होती. चालत नव्हती, हे मी मुद्दाम पाहिले.

गळ्यात मेडल घातले गेले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. तिची आई मात्र तिला खाली बसवून बुटाच्या नाड्या सोडू लागली. मोजे काढले. दोन्ही पायांची दहाही बोटे तिने एकेक करून पाहिली. उजव्या टाचेवर एक छोटा फोड होता. नखे सर्व शाबूत होती. मग ती म्हणाली, “बरं झालं. आता चहा पी.”

जाता जाता एक गोष्ट सांगायची राहिली. मुलीचे बूट घेतले त्या दिवशी दुकानातल्या मुलाने माझाही पाय पट्टीवर ठेवायला लावला. माप निघाले आठ. मी आयुष्यभर नऊ नंबर घालत आलो होतो. मुलगी काही बोलली नाही. मेडल मिळाल्यानंतरच्या पहिल्या पगारात तिने माझ्यासाठी आठ नंबरचे, टाच घट्ट असलेले, साधे अठराशे रुपयांचे चालायचे बूट आणले. पहिले दोन दिवस मला ते लहान वाटले. कारण पायाला सवयच नव्हती. आता रोज सकाळी मी ते घालून कॉलनीच्या मैदानाला चार फेऱ्या मारतो. टाच अजून दुखते, पण पूर्वीइतकी नाही.

आपल्या घरातले मूल उद्या महाग बूट मागेल तेव्हा त्याला एकदम गप्प करू नका, आणि त्याच्या हट्टापायी कर्जही काढू नका. एक वही घ्या. त्याच्याबरोबर बसा. आधी त्याचा पाय मोजा.